आधी खोली, मग क्रियापद

आमच्या भाषांतराच्या दुकानाचा नियम सासऱ्यांनी घालून दिला: जी क्रिया डोळ्यांनी पाहिली नाही, तिचं क्रियापद लिहायचं नाही. सासरे गेले आणि नियम माझ्या मानगुटीवर बसवून गेले. 'पत्र वाचलं' एवढं भाषांतर हवं असलं तरी गिऱ्हाइकाला ते आमच्यासमोर वाचावं लागतं. एक वकील खुनाचा जबाब घेऊन आले होते, त्यांना मी हात जोडून शेजारच्या दुकानात पाठवलं. धाकटे दीर स्पॅनिशचं बघतात आणि ते तर वडिलांच्याही वरताण निघाले.

त्या दिवशी एक मावशी आल्या. शिवणकाम करणाऱ्या, घाईत बोटातलं अंगुस्तान काढायचंही राहिलं होतं. त्यांचा मुलगा परदेशी गेला, तिथेच लग्न केलं आणि गेल्या वर्षी तिथेच वारला. सून एकटी पडली. तिला स्पॅनिशशिवाय काही येत नाही, आणि सासूसुनेची कधी भेटही झालेली नाही. मावशींना फोनवरून एवढंच कळवायचं होतं, की तुझ्यासाठी खोली तयार केली आहे, ये. ती आली नाही तर लेकाचं नाव काढायला जगात दुसरं माणूस उरत नाही, असं त्या म्हणाल्या.

मला भरून आलं. भाऊजींना मात्र प्रश्न पडला, की तयार म्हणजे कशी तयार. कोणासाठी बेतून, मांडून ठेवली असेल तर प्रेपारार. मोडकं दुरुस्त केलं, पसारा आवरला तर आर्रेग्लार. सगळं निघायच्या तयारीत सज्ज असेल तर आलिस्तार. मावशी म्हणाल्या, त्यातलं स्वस्त असेल ते घाला. भाऊजींनी पायात चपला सरकवल्या. मग काय, दुकानाला कुलूप लावून आमची वरात मावशींच्या घरी.

खोलीचं दार उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. मुलगा शेवटचा येऊन गेला, तेव्हापासून तिथली काडीसुद्धा हललेली नव्हती. अंथरूण विस्कटलेलं, खुर्चीवर शर्ट, कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबकळत होतं, आणि पलंगाखाली अर्धवट भरलेली बॅग.

'काही हरकत नाही,' म्हणत भाऊजींनी बाह्या सरसावल्या. आपणच क्रिया करू, म्हणजे क्रियापद आपोआप मिळेल, असा त्यांचा हिशेब. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन कपाटाकडे वळले, तर मावशी आडव्या आल्या. ते दार लेकाच्या हातून निखळलं होतं, तसंच राहू दे म्हणाल्या. आर्रेग्लार बारगळलं. चादर ओढायला गेले तर मावशी पलंगावर जाऊन बसल्या. प्रेपारारही गेलं. बॅगेला हात लावला तर त्यांनी ती पोटाशीच धरली. भाऊजी घामाघूम होऊन जमिनीवर बसले आणि निकाल दिला, की या खोलीत तयार केलेलं काहीही नाही, सबब ओळ लिहिता येत नाही.

माझं टाळकं सटकलं. 'भाऊजी, तुम्ही माणूस आहात की शब्दकोश?'

'वहिनी, खोटं कसं लिहू?' ते रडवेले होऊन म्हणाले.

मावशींनी बॅग खाली ठेवली. 'त्यांचं बरोबर आहे. खोली तयार नाही. माझ्याच्यानं होत नाही. तसंच लिहा. लिहा, तू ये, मग दोघी मिळून आवरू.'

आता आली का पंचाईत. 'आवरू' ही तर अजून न घडलेली गोष्ट, ती डोळ्यांनी बघणार कशी? भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. पाहिल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी मावशींचा फोन घेतला, आर्रेग्लारचं भविष्यकाळातलं रूप टाइप केलं आणि पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. भाऊजींनी ते मनातच वाचलं. मावशींनी त्यांचा दंड धरून हलवला, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं.

'येते म्हणतेय. तोवर त्याच्या कशालाही हात लावू नका, म्हणतेय.'