कपाळावरची थरथर

टेबल टेनिसच्या हॉलमध्ये त्या दिवशी एवढी गर्दी होती की चेंडूला जायला वाट नव्हती. बाकं पालकांनी अडवलेली, मुलं खिडक्यांत चढलेली आणि मधोमध पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ. पांढरा कोट मीही घालतो, मी दातांचा डॉक्टर आहे. पण माझ्या कोटावर निदान कामाचे डाग असतात. यांचा कोट नुकतीच घडी मोडल्यासारखा कोरा होता. लोक त्यांना 'सर' म्हणत होते. कसले सर, हे कोणी विचारलं नव्हतं.

"मेंदू म्हणजे काय?" सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगूनही टाकलं. "झोपलेला हत्ती! आपण आयुष्यभर त्याला हाका मारतो. सराव, सराव, सराव! अहो, हाका कसल्या मारता? अंकुश लावा!"

मग त्यांनी एक काळा पट्टा उंच धरला. "मंद वीजलहरी! जरा वेळ कपाळावर बांधा, सहा महिन्यांची मेहनत आठवड्यात! खेळ असो, पियानो असो, व्हायोलिन असो, मेंदूला काय, सगळं सारखंच!"

टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात बशी ठेवलेली होती. हौशी मंडळींनी एकेक करून सर्व्हिस करायची, चेंडू बशीत वाजला पाहिजे. औषधाच्या दुकानाच्या मालकांचा एक चेंडू पंख्याला लागला, दुसरा कोणाच्या तरी चहात पडला. सगळ्यांची फेरी संपल्यावर सर कनवाळूपणे म्हणाले, "ज्यांचं सर्वांत वाईट झालं त्यांनी पुढे या. आपल्याला दुबळ्यांची सेवा करायची आहे."

दुबळे पुढे आले. ओला स्पंज, घट्ट पट्टा, हिरवा दिवा.

"थरथर जाणवते?"

"जाणवते, जाणवते!" दुकानदार म्हणाले. त्यांना हत्ती उठताना दिसत असावा.

दुसऱ्या फेरीत त्यांचे दोन चेंडू बशीत वाजले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारी माझी मोठी बहीण होती. ताई शाळेत गणित शिकवते आणि मुलांच्या पेपरातला अर्धा गुणही सुटू देत नाही. ती डोळे पुसत म्हणाली, "बघितलंस? आणि तू म्हणे विज्ञान शिकलास!" पट्टा त्याच दिवशी तिच्या घरी आला.

आला तो माझ्या भाचीसाठी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, लहानपणी पाय जमिनीवर ठरत नसत म्हणून. भिंगरी दोन वर्षं पहाटे उठून कोपऱ्यातली सर्व्हिस घोटत होती आणि ती सर्व्हिस नेमकी पट्टा आला त्याच सुमाराला बसली. श्रेय कोणाला? पट्ट्याला! 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, फक्त कावळा आपल्या फांदीवर बसला की आठवत नाही.

क्लबातही तीच तऱ्हा. प्रशिक्षकांनी एक पट्टा घेतला आणि नियमच केला, ज्याचा आज हात बसत नाही त्याला पट्टा. ज्याचा बसतोय त्याला कोण कशाला देईल? दुसऱ्या दिवशी ते पोर जरा बरं खेळे आणि प्रशिक्षक हिरव्या दिव्याकडे भक्तिभावाने बघत.

मग संघनिवडीची सूचना लागली. घाम टिपायची पट्टी चालेल, दिवा किंवा तार असलेलं काहीही चालणार नाही. भिंगरीने बॅट पिशवीत टाकली.

"मग मी नाही खेळणार."

"का गं?"

"पट्ट्याशिवाय मला येत नाही, मामा. आधी येत नव्हतंच ना!"

हे ऐकून मला मनापासून राग आला. पैसे लुबाडले तर माणूस पुन्हा कमावतो. या माणसाने पोरीचे हातच तिच्याकडून काढून घेतले होते, आणि वर आम्ही त्याचे आभार मानले होते.

मी पट्टा दवाखान्यात नेला आणि दाताच्या बारीक हत्यारांनी उघडला. आत सेल, हिरवा दिवा आणि फोन थरथरतो ना, तसली चिमुकली मोटर. स्पंजाकडे जाणारी तार गोंदात बुडवून तिथेच संपवलेली. मेंदू राहू द्या, वीज कपाळाच्या कातडीपर्यंतही पोचत नव्हती. मेंदूला वीज देण्याचे खरे प्रयोग होतात, प्रामाणिक माणसं ते करतात, आणि 'अजून खात्रीने सांगता येत नाही' असंही तीच माणसं सांगतात. बाजाराला मात्र खात्री आधीच झालेली असते.

ताईला दाखवलं तर तिने आधी भिंगरी आसपास नाही ना, ते बघितलं. "तिला आत्ता सांगू नकोस रे. धीर सुटेल पोरीचा."

"ताई, निवडीत पट्टा चालणारच नाहीये."

ताईने तो उघडा पट्टा पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "तर मग तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे. नुसतं सांगितलंस तर म्हणेल, मामाला सगळीकडे कीडच दिसते."

निवडीच्या आदल्या दिवशी सर नवा पट्टा विकायला पुन्हा आले. तीच बशी, तोच हत्ती. "ज्यांचं सर्वांत वाईट झालं..." एवढं त्यांनी म्हणताच मी उभा राहिलो.

"सर, आज दुबळे राहू द्या. ज्यांचं सर्वांत चांगलं झालं त्यांना लावा. त्यांचाही हत्ती झोपलेलाच असणार!"

लोकांना कल्पना आवडली. नशीब बघा, त्या दिवशी पहिल्यांत औषधवाले होते! त्यांनी ऐटीत पट्टा बांधून घेतला, थरथर जाणवल्याचं सांगितलं, आणि चेंडू पुन्हा पंख्याला मारला. पहिल्या आलेल्या बाकीच्यांपैकीही बहुतेकांची बशी हुकली.

"होणारच!" सर गडबडीने म्हणाले. "यांची ऊर्जा आधीच भरलेली होती. ओव्हरचार्ज झाली!"

"म्हणजे वाईट खेळणारा सुधारला तर पट्ट्यामुळे, आणि चांगला खेळणारा घसरला तरी पट्ट्यामुळे? मग पट्टा नापास कधी होतो?"

सरांनी पाणी मागवलं.

मी लोकांकडे वळलो. "माझ्याकडे माणूस दाढ सर्वांत जास्त ठणकते तेव्हा येतो. कित्येकदा खुर्चीत बसेपर्यंतच कळ ओसरलेली असते. मी हातही लावलेला नसतो! सर्वांत वाईट फेरीनंतरची फेरी बहुधा बरी जाते आणि सर्वांत चांगलीनंतरची जरा पडते. शिवाय दुसऱ्यांदा हात सरावलेला असतो. यांनी प्रत्येक वेळी वाईटच माणसं निवडली. आणि ही ती थरथर." मी ताईचा उघडलेला पट्टा टेबलावर ठेवला. "सर, तुमचाही उघडून दाखवता?"

"वॉरंटी जाईल," सर म्हणाले, आणि पेटी आवरू लागले. तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "वॉरंटी किती वर्षांची आहे?" आपल्या माणसांची आशा चिवट असते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, भिंगरीने नाही. तिने मोटर तळहातावर घेतली. बटण दाबलं तशी मोटर थरथरली.

"यात काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"मग माझी सर्व्हिस?"

मी तिची बॅट तिच्या हातात दिली. ती टेबलाकडे गेली. पहिला चेंडू जाळीत. ताईने माझा दंड घट्ट धरला. दुसरा बाहेर. तिसऱ्याला बशी वाजली. पुढच्याला पुन्हा वाजली. त्याच्या पुढचा असा काही आला की बशी उडून खाली पडली आणि फुटली.

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मामा, हे मीच करत होते?"

"तूच, बाळा. दोन वर्षं."

मग ती रडली, आणि ताईही.

दुसऱ्या दिवशी तिची निवड झाली. पण एवढ्यावरून माझी युक्ती लागू पडली असं म्हणू नका. एका सामन्याने काहीच सिद्ध होत नाही, हेच तर मघापासून सांगतोय! कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: हे नसतं तर काय झालं असतं? माणसं कोणी निवडली? ज्यांना गुण आला नाही ती कुठे आहेत?

परवा दवाखान्यात एक आई मुलाला घेऊन आली. दात ठणठणीत होते.

"दुखतंय काय?"

"काही नाही, डॉक्टर. भिंगरीचं ऐकलं म्हणून आले." तिने पिशवीतून त्याची बॅट काढून माझ्यापुढे धरली. "उद्या सामना आहे. हिला फक्त एकदा हात लावता का?"