गुंगीतला अंगठा

मित्रांनो, मी एक जुना स्टँप पॅड आहे. पत्र्याची डबी आणि आत निळ्या शाईनं भिजलेलं फडकं, एवढाच काय तो माझा जीव. नवी पेठेतल्या एका दुकानातून मला आणलं आणि सोलापुरातल्याच एका दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं. तेव्हापासून मी माणसांचे अंगठे झेलतोय. सुरुवातीला बरं वाटायचं. म्हाताऱ्या बाया माझ्यावर अंगठा टेकवून "लई गार लागतंय की," म्हणायच्या आणि शाई पदराला पुसायच्या. माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढं झाकण गंजलं. शाई वाळली की दाक्षायणी सिस्टर पाण्याचे दोन थेंब टाकून वेळ मारून न्यायच्या.

एका मार्च महिन्यात नसबंदीचं टार्गेट पुरं व्हायला तीन केसेस कमी पडत होत्या. वरून दिवसातून चारदा फोन यायचे. सिस्टर तरी काय करतील, असं तेव्हा मी मनाला समजावलं. आज त्याची लाज वाटते.

त्याच दिवसांत पारधी वस्तीवरची वैजयंती पहिल्या बाळंतपणाला आली. सिझर करायचं ठरलं. त्या कागदावर तिच्या नवऱ्यानं, मानसिंगनं, बाहेर सही केली. मुलगी झाली. वैजयंती अजून गुंगीतच होती. सिस्टरनी दुसराच, नसबंदीच्या संमतीचा कागद आणला, तिचा अंगठा धरून माझ्यावर दाबला आणि त्या कागदावर उमटवला.

"अवो, इचारायचं तरी तिला," आयाबाई येसूबाई म्हणाली.

"या लोकांत लेकरांना काय तोटा? पुढच्या वर्षी परत येईल ही," सिस्टर म्हणाल्या.

मी सगळं पाहिलं, पण मला तोंड कुठं आहे?

अडीच वर्षं गेली. दुसरं लेकरू राहीना म्हणून वैजयंती बार्शीच्या डॉक्टरांकडं गेली. तपासणीत नसबंदी झाल्याचं कळलं. तिला तर पत्ताच नव्हता. तिनं तक्रार केली आणि चौकशीला एक साहेब आले.

"बाईला सगळं समजावलं होतं. हा बघा, तिचाच अंगठा," सिस्टर म्हणाल्या. अंगठा तिचाच होता, ते काही खोटं नव्हतं.

साहेबांनी वैजयंतीचा जबाब लिहून घेतला आणि सवयीनं मला तिच्यापुढं सरकवलं. "इथं अंगठा कर."

"पेन द्या, सायब."

तिनं सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. "आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलीया मी. आजवर कुठंबी अंगठा दिला न्हाय. मग त्या कागदावर माझा अंगठा कसा आला?"

साहेब दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिले. सिस्टरनी मान खाली घातली. तक्रार खरी ठरली. सिस्टरची बदली झाली, साहेबांची फाइल बंद झाली.

त्या दिवशी जाताना वैजयंतीनं विचारलं होतं, "पण माझी पोर आता एकटीच ऱ्हानार का?"

मी फार थकलोय, मित्रांनो. मला खुशाल फेकून द्या. पण कुणाचा अंगठा हातात धराल, तेव्हा ते माणूस शुद्धीवर आहे का, ते आधी बघा. शुद्धीवर असेल तर त्याला नीट विचारा. आणि ते नको म्हणालं, तर माझं झाकण लावून टाका.