भरमूच्या सुळ्याचं गाऱ्हाणं

सुळ्याचं काम फाडायचं, बोलायचं नव्हे. तरी आज बोलतो. मी भरमूचा सुळा. वरच्या जबड्यातला, डाव्या अंगाचा.

मी उशिरा आलो. भरमू तेव्हा अकरा वर्षांचा होता. दुधाचा दात पडला तेव्हा जागा माझी ठरलेली होती. पण मी हिरडीतून डोकं काढीपर्यंत मागची लहान दाढ पुढं सरकून बसली. मग मी वरच, हिरडीला चिकटून, ओठाकडं तोंड करून उगवलो. ती बसलेली, मी ताटकळत.

आईनं बघितलं आणि म्हणाली, "दातावर दात आलाय. पोरगं नशिबाचं हाय." तेवढाच माझा मान. भाकरी त्या दाढेला, ऊस त्या दाढेला. मी वरून बघायचो. मला तिचा हेवा वाटे. खोटं कशाला बोलू, अजून वाटतो.

भरमू निपाणीच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवू लागला. तंबाखूच्या वखारवाल्यांची वरात निघाली की सगळ्यांच्या पुढं भरमू. वाजवायच्या आधी तो डोळे मिटी आणि जीभ वर नेऊन मला चाचपी. मग पहिला सूर. तेवढा क्षण माझा होता. दाढेला तो कधी मिळाला नाही.

तिशी ओलांडली आणि त्याचा ओठ टिकेना. जोरानं फुंकलं की ओठ माझ्यावर दाबला जाई, आणि मी माझं काम करी. वाद्याच्या तोंडाला रक्त लागे. वरात अर्ध्यावर आली की भरमू थांबे आणि बाजूचा मष्णू पुढं होई. मष्णूचे दात ओळंबा धरून लावल्यासारखे.

"आण्णा, तू मागं हो. सुळा सांभाळ जा," मष्णू एकदा म्हणाला. बँडवाले हसले.

त्या दिवशी भरमू जेवला नाही. "माझी जागा मष्णूला देणार न्हाय," तो बायकोला म्हणाला. "ह्यो सुळाच उपटून टाकतो."

"उपटा. पर हितं कुणाच्या चिमट्यानं न्हाय," रुक्माबाई म्हणाली. "बेळगावला दाखवा."

बेळगावच्या कॅम्पात एक दातांचे डॉक्टर होते. भरमूला त्यांनी एका लग्नात ऐकलेलं. त्यांनी तोंडात आरसा घातला. मी डगमगलो नाही.

"सुळा काढला तर आजच मोकळे व्हाल," ते म्हणाले. "पण ह्याचं मूळ सगळ्यांत लांब. म्हातारपणी हाच टिकतो. दुसरा उपाय आहे. मागची लहान दाढ काढू आणि टाळूला बसवायच्या प्लेटच्या तारेनं ह्याला तिच्या जागेवर ओढू. पोराचं हाड लवकर ऐकतं, तुमचं ऐकायला वर्ष-दीड वर्ष घेईल. मध्येच प्लेट सोडलीत तर हा मागं फिरेल."

"दाढ किडलीया व्हय?"

"नाही. चांगली आहे."

"चांगली काढायची आणि वाकडा ठेवायचा? ह्यो कुठला न्याय, सायेब?"

"न्यायाचा प्रश्न नाही. जागेचा आहे."

भरमूची जीभ वर आली, मला चाचपून गेली. "ठेवा ह्याला," तो म्हणाला.

दाढ निघाली. पांढऱ्या भांड्यात टणकन वाजली. मला वाईट वाटलं नाही.

टाळूला प्लेट आणि दाताला तार, अशानं फुंकर साधेना. मष्णू पुढं वाजवी आणि भरमू मागं झांजा धरून चाले. दर महिन्याला सर्व्हिस मोटारीनं बेळगावला जायचं, तार आवळून यायचं. एकदा रागानं त्यानं प्लेट कोनाड्यात टाकली. चार दिवसांत मी वर सरकू लागलो.

रुक्माबाईच्या ते ध्यानात आलं. "घाला ती पिलेट! तुमी कवा कटाळताय ह्याचीच मष्णू वाट बघतोय."

भरमूनं कोनाड्यातली प्लेट काढून घातली.

शेवटी मी खाली उतरलो, रांगेत बसलो. ओठ बरा झाला. फुंकर नव्यानं शिकावी लागली, तीही तो शिकला. मग एका वरातीत मष्णू आपणहून बाजूला झाला. "ये आण्णा, फुडं ये. तुझ्या मागं वाजवायची सवय गेली न्हाय बघ माझी."

भरमूनं डोळे मिटले. मी वाट बघत होतो.

जीभ आली नाही.

त्यानं वाद्याची पेटी उघडली. मखमलीच्या कोपऱ्यातून एक पुरचुंडी काढली आणि कपाळाला लावली. आत ती दाढ होती. डॉक्टरांकडून त्यानं मागून आणली होती. "तिनं जागा दिली, म्हणून मी उभा हाय," असं तो रुक्माबाईला सांगत होता, ते मी ऐकलेलं. मग पहिला सूर निघाला. चांगला निघाला.

आज सत्तेचाळीस साल. भरमू पन्नाशीला टेकलाय. पुढचे दोन दात हलतात, मी हलत नाही. भाकरी माझी, ऊस माझा. तिचं होतं ते सगळं माझं झालं. आणि ती उपटलेली, वाळलेली, मखमलीत झोपते आणि रोज कपाळापर्यंत जाते.

भरमू, ती पुरचुंडी एकदा खाली ठेव. सूर लावण्याआधी जीभ इकडं फिरव. वर शोधू नकोस, तिथं आता कुणी नाही. ती जिथं बसायची, तिथं मी आहे.