गोजरबाईंचे पाच तास अकरा मिनिटं

उकंडराव गुरुजींचा बियाणं पारखण्याचा व्हिडिओ आठ मिनिटांचा होता आणि माणसं तो सरासरी बेचाळीस सेकंद पाहत होती. त्यातले तीस सेकंद गुरुजी नुसता घसा साफ करतात, असं विरोधकांचं म्हणणं. ते खोटं होतं. पंचवीसच.

देऊळगाव राजाच्या शेतकरी कंपनीनं सभासदांसाठी वेब अॅप काढलं होतं. ते बांधलं गुरुजींच्या पुतणीनं, दीपमालानं. व्हिडिओ चालू असला की दर दहा सेकंदांनी तिच्याकडे नोंद यायची. थांबवला की नोंद बंद. पुढे ढकलून पाहिला तर मधला भाग धरायचा नाही. चौतीस वर्षं गुरुजींनी शाळेत हजेरी घेतली होती. आता पुतणीनं त्यांच्याच वर्गाची हजेरी घेतली आणि वर्ग पळालेला निघाला.

कंपनीचे अध्यक्ष किसनराव स्पष्ट बोलले, "गुरुजी, शनिवारी दुसरा व्हिडिओ काढायचा हाय. पहिला शेवटपर्यंत पाह्यलेला एक तरी माणूस दाखवा. नाही तर बोलाले दुसरा माणूस पाहू."

गुरुजी दोन दिवस कमी जेवले आणि जास्त बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी दीपमालाच्या लॅपटॉपवर एक ओळ आली. गोजरबाई, सुलतानपूर. कालचा पाहण्याचा वेळ पाच तास अकरा मिनिटं.

"काका, माझ्या मोजणीतच घोळ हाय," दीपमाला म्हणाली.

"घोळ काऊन असंल? बाईले चांगल्या बोलण्याची कदर असंल."

"पुन्हा पुन्हा लावला तर वेळ वाढते, हे खरं. पण आठ मिनिटांचा व्हिडिओ पाच तास कोण पाह्यते?"

"बेचाळीस सेकंद सांगत होती तवा बरी तुही मोजणी बरोबर होती!"

यावर दीपमालानं स्कूटी काढली. दोघं सुलतानपूरला निघाले.

गोजरबाईंचं शेत विचारावं लागलं नाही. लांबूनच गुरुजींना स्वतःचा आवाज ऐकू आला. ज्वारी दाण्यावर आली होती. शेताच्या मधोमध माळा, माळ्यावर आडवी ठेवलेली रिकामी घागर, घागरीच्या तोंडाशी मोबाइल. शेजारी गोजरबाई लसूण सोलत बसलेल्या. मोबाइलमधले गुरुजी ओरडले, "ए! इकडं लक्ष द्या!" आणि ज्वारीतून पाखरांचा थवा भुर्रकन उडाला.

"अरे देवा, गुरुजी सोता आले!" गोजरबाई खाली उतरल्या. "लय उपकार झाले तुमचे. काल सकाळपासून लावून ठेवला, एक पाखरू टिकून नाही राह्यलं."

"अन् बाकीचे व्हिडिओ?" गुरुजींनी जपून विचारलं.

"लावून पाह्यले ना. त्या कृषीवाल्या म्याडम इतक्या गोड बोलतात, पाखरं बसून ऐकतात."

गुरुजी आपल्या चपलांकडे पाहू लागले. दीपमाला हळूच म्हणाली, "म्हणजे मोजणी बरोबर हाय, काका. पाहणारंच कोणी नाही."

"कोणी नाही कसं?" गोजरबाईंनी लसणाची पाटी खाली ठेवली. "मी काय इथं डोळे मिटून बसते? घरचं बियाणं कसं पारखायचं, सारं पाठ हाय. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, किती उगवले ते पाहा. अन् गुरुजी, एक सांगू? तोंडानं शंभर म्हणता, पण गोणपाटावर दहा-दहाच्या नऊच ओळी मांडता. नव्वद! मी दर खेपेला मोजते. दर खेपेला वाटते, आता तरी दहावी ओळ मांडतीन."

दीपमालानं तिथंच व्हिडिओ लावला, थांबवला, ओळींवर बोट ठेवत मोजल्या. नऊ.

"काका, नव्वदच हायेत!"

"नव्वद!" गुरुजींनी टाळी वाजवली. चूक सापडली म्हणून इतका खूश झालेला मास्तर त्या शिवारात पूर्वी कोणी पाहिला नव्हता. व्हिडिओ अॅपवर आल्यापासून महिनाभर ही चूक कंपनीत कोणाला दिसली नव्हती. किसनरावांना तर नाहीच.

किसनरावांनी फोनवर सगळं ऐकलं, बराच वेळ हसले आणि म्हणाले, "गुरुजीच बोलतीन. पण मोजाले गोजरबाई."

शनिवारी व्हिडिओ त्याच शेतात झाला. गोजरबाईंनी दहा ओळी मांडल्या. गुरुजी बोलले. मध्ये चारदा पाखरं उतरली आणि चारदा गुरुजी वाक्य अर्धं टाकून ओरडत धावले. दीपमालानं काहीच कापलं नाही.

हाही व्हिडिओ आठ मिनिटांचा आहे. माणसं तो सरासरी सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद पाहतात. शेवटचे बारा सेकंद गुरुजी आभार मानतात. तेवढे फक्त गोजरबाई पाहतात, आणि पाखरं.