करदोड्याखालची गोचीड

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. चुलीपाशी बसणारा नव्हे, पायातला काटा काढणारा. भोकरदनच्या बाजारात एका लोहाराने मला ठोकून घडवले आणि मी रखमाजी या शेतकऱ्याच्या करदोड्याला लटकलो. चाळीस वर्षे मी बाभळीचे काटे उपसले. लोक लंगडत आमच्याकडेच यायचे. खरे सांगतो, त्या कौतुकाने मी फुगायचो. पुढे सगळ्यांच्या पायात बूट आले आणि मी नुसता लटकत राहिलो.

रखमाजी बैलाच्या गोचिडी बोटांनी उपटून नखावर चिरडत. मी कमरेला असताना! मला फार राग येई.

गेल्या वर्षी अंगारकीला ते पत्नी उषाबाई आणि सून तृप्ती यांच्यासोबत राजूरच्या गणपतीला पायी गेले. वाटेत गुरे बसतात त्या गवतातच आडवे झाले. घरी अंघोळ करताना करदोड्याखाली, अगदी माझ्या शेजारी, गोचीड दिसली. उषाबाई पेटती उदबत्ती घेऊन आल्या.

"थांबा, चटका देते. आपसूक सुटंल."

"आत्या, चटका नका देऊ, रॉकेल बी न्हाई," तृप्ती म्हणाली. ती गावची आशाताई, घरोघरी आरोग्याचे काम पाहणारी. "त्यानं ती अंगात ओकते."

तिने मला स्पिरिटने पुसले. मी गोचीड कातडीलगत धरली. न पिळता, न चिरडता, हळूहळू सरळ वर ओढली. अख्खी निघाली! तृप्तीने जागा साबणाने धुतली, गोचीड डबीत बंद केली आणि वर तारीख लिहिली.

आठव्या दिवशी रखमाजींना ताप चढला. डॉक्टरांना त्यांनी गोचिडीचे सांगितले नाही; घरी म्हणाले, "बैलाची गोचीड मला लागली म्हणून सांगू का? लोक हसतील!" तापाच्या गोळ्यांनी ताप हटेना. चौथ्या दिवशी मनगटांवर लाल पुरळ उठले, ते बरळू लागले. मी फार भ्यालो.

शेवटी तृप्तीने डबी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "मामा सांगून न्हाई राह्यले, मंग मीच सांगते." डॉक्टरांनी तारीख वाचली, हा गोचीडताप असावा म्हणाले, रक्त तपासायला पाठवले आणि अहवालाची वाट न पाहता दुसरे औषध सुरू केले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

पुढच्या अंगारकीला रखमाजी पायमोज्यात पँट खोचून निघाले. त्याच गवतात लोक पसरलेले पाहून त्यांनी सदरा वर केला.

"हसायचं तं हसा! मला हितं गोचीड लागल्ती. लाजेपायी मरायला टेकल्तो. उठा, सतरंजीवर बसा, अन् घरी गेल्यावर सारं अंग बघा."

कोणी हसले नाही. त्यांचा सोबती वसंता जवळ सरकला. "रखमाजी, माझ्या बी काखंत परवापासून एक हाय. घरी कुणाला बोललो न्हाई."

रखमाजींनी मला करदोड्यातून सोडवले.

मित्रांनो, काढायचे काम माझ्यावर सोपवा. पण नंतर ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडीचे आधी सांगा. ते तुमच्यासाठी मला करता येत नाही.