डाव्या तोंडाची

झुलमिराला गोगलगाय नुसती बघितली तरी शिसारी यायची, आणि मजा बघा, तिचं कामच गोगलगायींचं! प्रिन्सिपे बेटावर घरोघरी फिरायचं, बायकांच्या बादल्यांत हात घालायचा आणि सांगायचं, शंखाचं टोक वर धरा. तोंड उजवीकडे असेल तर ती बाहेरून आलेली तांबडी, खुशाल खा. डावीकडे असेल तर ती आपल्या रानातली, थोडीच उरलीय, सोडून द्या. दिवसभर बोटांना तो शेंबडासारखा चिकटा. लिंबू चोळा, राख चोळा, जातच नाही.

त्या रविवारी ती आबिलियोच्या घरी जेवायला गेली. म्हणजे जेवण नावाला, खरं तर आबिलियोची आई तिला सून म्हणून बघणार होती. आई म्हणजे एटेल्विना मावशी, वस्तीची म्होरकी. रानातली खाणार नाही अशी शपथ तिनं आधी घेतली म्हणून तर बाकीच्या बायका झुलमिराचं ऐकायला लागल्या होत्या.

समोर आलं गोगलगायीचं कालवण, पामतेलात लालभडक, वर तवंग. वास असा, की ओल्या पाचोळ्यात कुणी घामट मोजे पुरलेत.

"मावशी, तांबड्याच ना?"

"मग काय, तुझ्या लाडक्या कापीन? खा गं पोरी, तोंड वाकडं करू नकोस. नवरा बघितल्यावर करतेस का असं?"

"करते की," आबिलियो म्हणाला.

तिनं श्वास रोखून एक गिळली. जाड, बुळबुळीत, चावताना दाताखालून सटकणारी. दुसरीत वाळू करकरली. तिसरी केवळ मावशी खूश दिसत होती म्हणून. मग ती हात धुवायचं निमित्त करून परसात पळाली.

तिथे केळीच्या सालींवर शंख पडले होते, माश्या घोंघावत होत्या. सवयीनं तिनं एक उचलला, टोक वर केलं. तोंड डावीकडे. दुसरा, डावीकडे. सगळे डावीकडे. खाल्लेलं सगळं तिथेच बाहेर आलं. शेजारच्या बादलीवरचं झाकण उचललं, तर आत चार अजून जिवंत होत्या, डाव्या तोंडाच्याच.

ती बादली घेऊनच आत आली. "मावशी, ह्या काय?"

मावशी जराही गडबडली नाही. "अगं, होणाऱ्या सुनेला तांबडी वाढू? ती उकिरड्यावरची, गटारातली. पाहुण्याला रानातलीच वाढतात, माझ्या सासूनं मला वाढली होती. शपथ रोजच्या जेवणाची. हा तर मान आहे. पोरगा पहाटे डोंगर चढलाय तुझ्यासाठी."

"तू आणल्यास?" तिनं आबिलियोला विचारलं.

"तीनच तर खाल्ल्यास तू," तो बोटं चाटत म्हणाला. हनुवटीवरून तेल ओघळत होतं. "सांगणार कोण? बस, गार होतंय."

"मी सांगणार. उद्या, सगळ्या बायकांना. मी खाल्ल्या तेसुद्धा."

"मग या घरात सून म्हणून पाऊल टाकू नकोस," मावशी म्हणाली.

एक गोगलगाय बादलीच्या काठावरून झुलमिराच्या मनगटावर चढली होती. झुलमिरा दाराकडे वळली तसा आबिलियोनं तिला अडवायला हात पुढे केला, तेलानं माखलेला, नखात कालवण अडकलेला. तो अंगाला लागू नये म्हणून ती मागे सरली, आणि बादली छातीशी धरून रानाच्या वाटेला लागली.