पासवरची बायको

एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस निवृत्त होतो म्हणजे काय, तर त्याचा गणवेश खुंटीला लागतो. बाकी सगळं अंगातच राहतं. आमचे कंडक्टरसाहेब दवाखान्यात नंबर लावून बसले, तरी आधी खोलीतली डोकी मोजायचे आणि मग दारातल्या पेशंटांना म्हणायचे, "पुढे सरका, मागे जागा आहे."

तर हे साहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती निघाले होते लेकीकडे. लेकीचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी परवाची तारीख दिली होती. वाटेत एका अनोळखी शहरात विमान बदलायचं होतं आणि मध्ये मोकळे साडेसहा तास होते. पुढचं विमान चुकलं, तर त्यानंतरचं तीन दिवसांनी.

"इथंच बसू," साहेब म्हणाले. "उगाच चुकामूक व्हायची."

"साडेसहा तास खुर्चीत बसून मी काय अंडी उबवू?" बाई म्हणाल्या.

विमानतळावर मधल्या वेळेच्या प्रवाशांसाठी शहर दाखवणारी बस होती. बाईंनी साहेबांचा दंड धरून त्यांना तीत चढवलं. बसबरोबर पिवळ्या छत्रीची एक हसरी मुलगी होती. तिनं आत नुसती नजर फिरवली आणि म्हणाली, "आले ना सगळे? चला."

साहेबांना ते बघवेना.

"अशी मोजतात का डोकी, पोरी? सरक बघू."

ते उठले. प्रत्येक सीटच्या पाठीवर बोटाचं पेर टकटक वाजवत शेवटपर्यंत गेले आणि तसेच परत आले. "बावीस!" मग वरच्या दांडीवर दोनदा ठोकलं. डबल बेल म्हणजे गाडी सोडा. ड्रायव्हरला काही शिकवावं लागलं नाही. गाडी सुटली.

छत्रीवालीनं खुशीनं यादीची घडी करून खिशात टाकली. आयता माणूस मिळाला होता.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बावीस उतरले, बावीस चढले. पुलापाशीही बरोबर बावीस. शहराकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लोक मनोरा बघत होते आणि हे लोकांना बघत होते. बाजारात तर एक दाढीवाले गृहस्थ टोप्या बघण्यात हरवले, त्यांना साहेबांनी बखोटीला धरून आणलं. पुन्हा टकटक, पुन्हा बावीस, डबल बेल. साहेबांना इतकं तरुण कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

विमानतळ दिसू लागला तेव्हा दाढीवाल्यांनी सहज विचारलं, "काकू पुढे बसल्यात का?"

"मागे असेल," साहेब म्हणाले.

मागे बाईंची पिशवी होती. नुसती पिशवी. साहेबांनी घाईघाईनं फोन लावला, तर पिशवीच वाजायला लागली.

छत्रीवालीनं खिशातली यादी उघडली. "काका, यात चोवीस नावं आहेत!"

"असतील. आपले पॅसेंजर बावीस. पूर्ण भरलेत."

"आणि तुम्ही?"

"मी स्टाफ."

"आणि काकू?"

साहेबांनी मागच्या पिशवीकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "ती... पासवर असते."

कंडक्टरच्या घरच्यांना पास. पासवाल्याचं तिकीट फाटत नाही, आणि ज्याचं तिकीट फाटत नाही त्याला साहेबांचं पेर एकतीस वर्षांत कधी शिवलं नव्हतं.

आता काय करायचं? दोघांचे पासपोर्ट साहेबांच्या आतल्या खिशात. बाकीच्यांची विमानं तोंडावर आलेली, गाडी मागे फिरवता येईना. साहेब टॅक्सीकडे धावले, तर छत्रीवालीनं त्यांचा सदरा धरला. "तुम्ही तिकडे गेलात आणि त्या इकडे आल्या तर? मी बाजारात फोन करते, तुम्ही इथंच थांबा."

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "येतील हो मागच्या गाडीनं!"

हे वाक्य साहेबांनी आयुष्यात हजारदा लोकांना ऐकवलं होतं. ते इतकं लागतं, हे त्यांना आज कळलं.

शहरातून येणाऱ्या बसच्या थांब्यावर ते उभे राहिले. दर पंधरा मिनिटांनी गाडी यायची, साहेब आत डोकं घालायचे, गाडी रिकामी व्हायची. तिसरी गाडी गेल्यावर त्यांनी हात जोडले. "देवा, तुझ्याकडे रोजच काहीबाही मागतो, पण आजचं अर्जंट आहे. तू एवढ्या जगाची डोकी मोजतोस, तुझं कधी चुकत नाही. माझं एक राहिलंय. तेवढं मागच्या गाडीनं पाठव."

चौथीत बाई नव्हत्या. देवानं पाचवी धरली असावी.

बाई पुढच्या दारानं उतरल्या, त्याही ड्रायव्हरशी बोलणं पुरं करून. विमानाचं दार बंद व्हायला तासभरही उरला नव्हता.

"अगं! कुठं होतीस? जीव गेला माझा!"

"मला मागे सोडून जायची ही पाचवी वेळ आहे तुमची," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला सवय आहे. त्याच थांब्यावर उभं राहायचं, ड्रायव्हरला विचारायचं, पुढच्या सीटवर बसायचं." आणि बटव्यातून एक चिठोरा काढून त्यांच्या नाकासमोर धरला. "हे घ्या, तिकीट. जन्मात पहिल्यांदा काढलं. तिकीट काढलं की मोजतात म्हणे."

साहेबांनी तिकीट उलटसुलट करून बघितलं. "पण गाडी हलली तेव्हा हाक मारायची ना!"

"दिसली ना हलताना. तुम्ही दांडी ठोकत होता, तेही दिसलं."

"मग?"

"माझा बाजार अर्धाच झाला होता."

पुढे दोघं धावत सुटले. तपासणी, रांगा, सरकते जिने, आणि विमानाच्या दारातून शेवटचे दोघे आत. पट्टे बांधून झाल्यावर साहेबांच्या जिवात जीव आला, तसा बाईंना कंठ फुटला. "मी मनोऱ्याच्या एकशे चाळीस पायऱ्या चढून आले. पुलाखाली पाण्यात पाय सोडून बसले. चपलांच्या दुकानात सतरा जोड घालून बघितले, घेतला एकही नाही. फार बरं वाटलं हो!"

"हे बघ," साहेब बाईंच्या कानाशी लागले, "लेकीला यातलं काही सांगू नकोस. जावई असतील, विहीणबाई असतील. मी तुझ्या पाया पडतो."

बाईंनी खिडकीबाहेर बघत विचारलं,

"येताना किती तासांचा थांबा आहे?"

"अकरा."

"तुम्ही खुर्चीत बसायचं. बॅगा सांभाळायच्या. मी जाऊन येते."

"एकटी?"

"पुलापलीकडचं तर सगळं राहिलंच आहे."

साहेबांनी एक सुस्कारा सोडला. "बरं. पण फोन घेऊन जा."

"बघू," म्हणून बाईंनी डोळे मिटले.